आई-बाबांसाठी ईमेलची घडी आणि बघण्यासारख्या साइट्स, कृपया सुचवा

मांजलपूरकर

नमस्कार. आम्ही बडोद्याचे. बाबा ७२ वर्षांचे, आई ६८. भाऊ कॅनडाला जाताना लॅपटॉप घरी ठेवून गेला, तेव्हापासून दोघं आळीपाळीने त्यावर बसतात आणि अडलं की मला फोन येतो.

बाबांच्या जीमेलवर जागा संपत आल्याची सूचना सारखी येते आहे. ते रोज बसून एकेक मेल पुसतात, पण काही फरक पडत नाही. पेन्शन, विमा, बँक, म्युच्युअल फंड, सगळं त्याच पत्त्यावर येतं आणि सेलच्या जाहिरातींत हरवून जातं. शिवाय नुसतं यूट्यूब बघून दोघं कंटाळलेत. बाबांना बुद्धिबळ आणि नाट्यसंगीत आवडतं, आईला वाचन. फुकटातल्या, आणि शक्यतो "आधी खातं उघडा" म्हणून मागे न लागणाऱ्या साइट्स हव्या आहेत. मराठी असतील तर फारच छान.

मांडवीची_मावशी

मी तुझ्या आईच्याच वयाची, म्हणून सरळ अगं-तुगं करते. नोकरी सगळी ग्रंथालयात झाली. आता दुपारी आमच्या सोसायटीतल्या काही जणींना हेच शिकवते, त्यामुळे हे प्रश्न रोजचेच आहेत.

आधी बाबांना मेल पुसणं थांबवायला सांग. गूगल फुकटात १५ जीबी जागा देतं, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांची मिळून असते. अँड्रॉइड फोन असेल तर व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०२४ पासून त्यातच मोजतात. म्हणजे जागा खातात ते सुप्रभातचे व्हिडिओ, आणि बाबा पुसतात दोन-दोन ओळींची मेल. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट, त्यात चॅट बॅकअप, आणि तिथे व्हिडिओ घेण्याचं बटण बंद कर. मग लॅपटॉपवर जीमेल उघड. वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला आडव्या रेषांचं छोटं चिन्ह आहे, ते दाबलं की चौकट उघडते. तिथे आकार १० एमबीहून मोठा असं भर आणि शोध. लग्नाचे फोटो, कोणीतरी धाडलेली भली मोठी पीडीएफ, सगळं ओळीने समोर येईल. हवं ते उतरवून घे, बाकीचं पूस आणि लगेच ट्रॅशही रिकामा कर. ट्रॅशमधलं आपोआप जायला ३० दिवस लागतात आणि तोवर ते जागा अडवूनच बसतं. हे काम लांबणीवर टाकू नकोस. जागा पुरती भरली की येणारी मेल पाठवणाऱ्याकडे परत जातात, त्यात बँकेचीही आली.

आता हरवणाऱ्या मेलांचं. बाबांना एक नवा पत्ता काढून दे आणि तो फक्त बँक, पेन्शन, विमा, आधार, पॅन आणि आयकर यांनाच कळव. नातेवाईक, दुकानं, सोसायटी यांच्यासाठी जुनाच राहू दे. पुष्कळ लोक उलटं करतात, जाहिरातींसाठी नवा काढतात आणि बँक जुन्यावर ठेवतात. पण जुना पत्ता एव्हाना कुठे कुठे पोचलेला असतो! एकेका ठिकाणी कळवताना कंटाळा येईल, तरी कर. नव्या पत्त्यावर जे येईल ते वाचायचंच. आणि जुन्यावर "तुमचं बँक खातं आज बंद होणार" असं काही आलं, तर बँकेला तो पत्ताच माहीत नाही, तेव्हा हे खोटं, एवढं बाबांना कोणाला न विचारता कळेल. वयस्कर माणसाला दिवसभर धास्तीत ठेवणारी हीच तर मेल असतात, म्हणून मी यावर इतका जोर देते.

साइट्सचं सांगायला मला जास्त आवडेल. आपल्या सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर वाचनालयं उभी केली, पेट्यांमधून पुस्तकं खेड्यापाड्यांत जायची. त्या बडोद्याच्या माणसाने इंटरनेट अर्काइव्ह बघायलाच हवं. सयाजी साहित्यमालेतली काही जुनी पुस्तकं तिथे पानन् पान स्कॅन केलेली आहेत. खातं न उघडता वाचता येतात, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. आईला चष्म्याचा त्रास असेल तर हे फार सोयीचं. मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. एक नोंद वाचायला जावं आणि तासभर तिथेच रमावं, असं ते काम आहे. शब्दकोडी सोडवत असतील तर शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शोधता येतात.

नाट्यसंगीतासाठी "आठवणीतली गाणी". गाण्याचे शब्द, गीतकार, संगीतकार, गायक, सगळं नीट दिलेलं असतं. रागावरूनही गाणी काढता येतात. बाबांना सांग, एखादा राग निवडा आणि त्यातली पदं एकामागून एक ऐका. नुसतं ऐकण्यापेक्षा यात कान तयार होतो. बुद्धिबळासाठी लिचेस: जाहिरात नाही, पैसे नाहीत, खातंही लागत नाही. संगणकाशी खेळायला १ ते ८ पातळ्या आहेत, बाबांनी तिसरीपासून सुरुवात करावी. मित्राशी खेळण्याचा दुवा भावाला पाठवला तर तो कॅनडातून समोर बसेल.

निवृत्त_रोखपाल

मावशींचं दोन पत्त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. त्यात एक भर घालतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट्स "डॉट बँक डॉट इन" या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. तेव्हा पत्ता वाचताना बँकेचं नाव कुठेतरी दिसलं म्हणून खूश होऊ नका, सुरुवातीचं https:// सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी शेवट काय आहे ते बघा. सरकारी साइटसाठी तसंच "डॉट गव्ह डॉट इन". पेन्शनर मंडळींनी नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्याच्या दिवसांत, जास्त सांभाळावं, तेव्हा फसवणाऱ्यांनाही निमित्त मिळतं. पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन, मग बाकी सगळं.

अलकापुरी

छोट्या सोयी सांगते. पाठवलेलं मेल मागे घ्यायला जीमेल मुळात ५ सेकंद देतं, लॅपटॉपवर सेटिंगमध्ये ते ३० करून ठेवा. सोसायटीच्या सगळ्यांना एकच मेल धाडायचं असेल तर पत्ते बीसीसीत टाका, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला जात नाही. कागदाचा नुसता फोटो पाठवू नका, फोनवरच्या गूगल ड्राइव्हमधून स्कॅन केलं की सरळ पीडीएफ होते. मराठी टाइप करायला वेळ लागत असेल तर जीबोर्डमध्ये (फोनवरचा गूगलचा कीबोर्ड) मराठी घालून माइक दाबा आणि बोला. माझ्या सासूबाई कॅनडातल्या नातवाला असंच लांबलचक पत्र लिहितात.

तुमच्या आईंना चित्रांची आवड असेल तर गूगल आर्ट्स अँड कल्चरवर राजा रविवर्म्यांची चित्रं जवळून बघायला सांगा. फत्तेसिंह संग्रहालयात दोरीच्या अलीकडून बघतो तीच शैली, पण इथे शालूच्या जरीपर्यंत जाता येतं.

मांजलपूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार! मावशी, तुमचा अंदाज बरोबर निघाला, निम्म्याहून जास्त जागा व्हॉट्सॲपच्या बॅकअपनेच घेतली होती. सूचना गेली. नवा पत्ताही काढला, पहिल्यांदा पेन्शनच्या बँकेत कळवलं. बाबा चौथ्या पातळीला हरून पुन्हा तिसरीवर आले आहेत आणि जेवायला उठत नाहीत.

आणखी एक विचारते. बाबा पासवर्ड वहीत लिहून ठेवतात. भाऊ म्हणतो, हे अजिबात चालणार नाही. काय करावं?

मांडवीची_मावशी

वही राहू दे गं. चोर कपाट फोडून जीमेलचा पासवर्ड शोधत नाही, त्याला तो फोनवर गोड बोलून मिळतो. वही घरात कुलपात ठेवा, तिचा फोटो काढून कोणाला पाठवू नका, आणि बँकेचा पिन त्यात लिहू नका, बस. भावाचं समाधान करायचं तर नव्या पत्त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लाव, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरूनही खात्री द्यावी लागते. रिकव्हरीला, म्हणजे खातं अडकलं तर परत मिळवायला, बाबांचा चालू नंबर आहे ना ते बघ, पुष्कळदा तिथे बंद पडलेलं सिम असतं. तिथेच गूगल १० बॅकअप कोड देतं, ते छापून वहीत चिकटव. फोन हरवला तर त्यांच्यावर आत जाता येतं. एक कोड एकदाच चालतो, म्हणून वापरला की त्यावर काट मारायला सांग. संपत आले की नवे काढ, आणि नवे काढल्यावर जुना कागद फाडून टाक, ते सगळे बाद झालेले असतात.