संत्र्याच्या सालीत फ्लॅव्होनॉइड इतके कमी का येतात?

बीफार्म_नागपूर: कळमन्याच्या बाजारातून आणलेल्या आंबिया बहाराच्या संत्र्यांची साल वाळवून मिथेनॉलमध्ये सॉक्सलेट केली (गरम द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून अर्क काढला). ॲल्युमिनियम क्लोराइडने रंग आणून मोजल्यावर एकूण फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींतल्या संयुगांचा एक गट) फारच कमी येतात. पण यीस्टच्या अल्फा-ग्लुकोसिडेजला (पिष्टापासून ग्लुकोज सोडवणारं एन्झाइम) अडवण्यात हाच अर्क ॲकारबोज या मधुमेहाच्या औषधापेक्षा सरस ठरतो. मधुमेहाच्या प्रकल्पात यातलं काय लिहावं?

रसायनवाला: संत्र्याच्या सालीत मुख्य हेस्पेरिडिन, म्हणजे फ्लॅव्हॅनोन या उपगटातलं फ्लॅव्होनॉइड. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या कार्बनमधला दुहेरी बंध नसतो, त्यामुळे ४१५ नॅनोमीटरला ते जवळपास दिसतच नाही. तिथे क्वेर्सेटिनसारखे फ्लॅव्होनॉल दिसतात. डीएनपीएच (फ्लॅव्हॅनोनशी रंग देणारं डायनायट्रोफेनिलहायड्राझिन) लावा: १ मिली अर्क, १ टक्का डीएनपीएच २ मिली, मिथेनॉल २ मिली, ५० अंशांवर ५० मिनिटं. गार झाल्यावर ७० टक्के मिथेनॉलमधलं १ टक्का पोटॅशियम हायड्रॉक्साइड ५ मिली घाला, २ मिनिटं थांबा. त्यातलं १ मिली ७० टक्के मिथेनॉलने पातळ करून सेंट्रिफ्यूज करा आणि वरच्या स्वच्छ द्रावाचं ४९५ ला रीडिंग घ्या. स्टँडर्ड कर्व्ह नॅरिंजेनिनचा काढा, क्वेर्सेटिनचा नको.

एन्झाइम_ताई: ॲकारबोजला हरवल्याचा दावा कृपया लिहू नका. यीस्टचं एन्झाइम आपल्या आतड्यातल्या एन्झाइमपेक्षा वेगळ्या कुळातलं आहे आणि ॲकारबोज त्यावर मुळातच लंगडा चालतो. उंदराच्या आतड्याची ॲसिटोन पावडर आणि माल्टोज वापरून पुन्हा करा. ग्लुकोज जीओडी-पीओडीने (दोन एन्झाइमांनी रंग आणणारी चाचणी) मोजताना सांभाळा, कारण अँटिऑक्सिडंट अर्क रंगच खातो आणि एन्झाइम अडल्याचा भास होतो. अर्कात ठरावीक ग्लुकोज घालून तेवढंच परत मिळतं का, ते आधी बघा. पीएनपीजीच्या (तुटल्यावर पिवळा रंग देणारं कृत्रिम खाद्य) ॲसेमध्ये ४०५ ला अर्काचा स्वतःचा पिवळेपणा मिसळतो, म्हणून प्रत्येक मात्रेला एन्झाइमविना वेगळा ब्लँक हवा. ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखं डिटर्जंट) घातल्यावर परिणाम नाहीसा झाला, तर रेणूंच्या गोळ्यांनी एन्झाइम चिकटवलं होतं, असं समजा.

बीफार्म_नागपूर: म्हणजे शुद्ध हेस्पेरिडिन काढून तपासू का? की साखर निघालेलं हेस्पेरेटिन?

रसायनवाला: हेस्पेरिडिनच. त्याची रुटिनोज साखर मोठ्या आतड्यातले जिवाणू सोडवतात, अल्फा-ग्लुकोसिडेजचं काम मात्र त्याआधी लहान आतड्यात चालतं, म्हणजे तिथे साखरेसकट हेस्पेरिडिनच असतं. आधी पेट्रोलियम ईथरने सालीचं तेल काढा, नाहीतर स्फटिक चिकट येतात. मग मिथेनॉलचा अर्क आटवून ६ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये थंड ठेवा. पाण्यात ते फार कमी विरघळतं, म्हणून स्टॉक (मूळ दाट द्रावण) डीएमएसओ या द्रावकात करा. बफरमध्ये टाकल्यावर गढूळ झालं, तर ते रीडिंग सोडून द्या आणि मात्रा खाली आणा.