मदत हवी आहे: जुन्या धाटणीचं छापील सुती कापड (तातडीचं)

टिपमारी: नाटकासाठी अठराव्या शतकातला पोशाख शिवतेय. वेलबुट्टीचं छापील सुती हवंय, पण जुनं वाटलं पाहिजे. बघेन ते एकतर कुर्त्याचं नाहीतर उशीच्या अभ्र्याचं. नेमकं काय मागायचं? शिवणाचे सल्ले नकोत, शिवता येतं. तालमी सुरू झाल्यात.

बाराबंदी: पेशवाई ना? मग छापील कशाला, साधी मलमल घ्या. अंगरख्याच्या घेराला कळ्या जास्त घाला आणि बंद डाव्या बाजूला की उजव्या ते आधी ठरवा, तिथेच सगळे फसतात.

टिपमारी: पेशवाई नाही हो, इंग्रज बाई आहे. गाऊन.

दोरासुई: हे आधी सांगायचं ना! साल कुठलं? आणि पहिली रांग किती लांब?

टिपमारी: १७८५. सभागृह लहान आहे, पहिली रांग नाकासमोर.

ठसेवाला: मग हाताने ठसे मारलेलंच घ्या, दुसरा विचार नको. इंग्लंडमध्ये निव्वळ सुती छापील कापड वापरण्यावर १७२१ च्या कायद्याने बंदी होती, ती १७७४ ला उठली. तुमच्या सालापर्यंत तिथले छापखाने जोरात होते आणि लाकडी ठसे सर्रास चालत.

पिक्सेल: एवढी यातायात कशाला? कित्येक संग्रहालयांनी जुन्या छिटांचे मोठे फोटो ऑनलाइन टाकलेत. वापराची परवानगी बघा आणि डिजिटल छापून घ्या. रिपीट, म्हणजे तीच नक्षी पुन्हा येण्याचं अंतर, हवा तेवढा मोठा. रोटरीवर (गोल फिरणाऱ्या साच्यांच्या कारखानी छपाईत) तो बहुधा ६४ सेंमीच असतो.

ठसेवाला: आणि उलटी बाजू पांढरीफटक! त्या काळी घेर दोऱ्यांनी मागे वर ओढून घ्यायची फॅशन होती. बाई वळली की आतलं कापड पहिल्या रांगेला दिसणार.

पिक्सेल: अस्तर आहे की नाही ते विचारलंत का?

टिपमारी: चोळीला आहे. घेराला नाही, अर्थातच.

ठसेवाला: अर्थातच!

कोरोमंडल: ठशांचं एवढं कौतुक चाललंय म्हणून सांगतो, युरोपला गेलेली उत्तम छींट कलमाने रंगवलेली असायची. तुरटी लावलेल्या जागी मंजिष्ठाच्या जातीचा लाल चढे, लोखंडाच्या पाण्याने काळा. निळ्यासाठी मेणाने बाकीचं झाकून नीळ. हिरवा म्हणजे निळ्यावर पिवळा. तो पिवळा उडतो, म्हणून जुन्या कापडांवर पानं निळी दिसतात.

दोरासुई: सुंदर माहिती, पण तिला कापड घ्यायचंय, बनवायचं नाही. टिपमारी, पानं बघ. हिरव्याच्या कडेने निळं किंवा पिवळं जरा बाहेर डोकावत असेल तर घे. काठोकाठ भरलेला सपाट हिरवा दिसला की ठेवून दे. जांभळाही नको, तो १८५६ नंतरचा.

कोरोमंडल: १८५६ चा तो पर्किनने शोधलेला भडक कृत्रिम जांभळा, मॉव्ह. तुरटी आणि लोखंड एकत्र केलं की मंजिष्ठाच्या मुळापासूनही जांभळट रंग निघतो. मळकट जांभळा चालेल.

दोरासुई: बरं, मळकट चालेल.

पडदानशीन: मी पडद्याचं कापड वापरलं होतं. मोठी फुलं, जाड पोत, इस्त्रीची कटकट नाही. मस्त.

दोरासुई: पडद्याच्या कापडाच्या चुण्या पाठीवर बसतात का? फुगून उभ्या राहतात. चुरगळून सोडलं की पटकन पडतं असं कॅम्ब्रिक (बारीक विणीचं पातळ सुती) बघ. जमीन, म्हणजे नक्षीमागचा रंग, पांढरी किंवा मोतिया, नक्षीचे नग विरळ, वेल वाकडीतिकडी चढणारी. आरशासारख्या समोरासमोर बसवलेल्या बुट्ट्या नकोत, कुर्ता वाटतो तो त्यांनीच. ४४ इंची पन्ह्याचं सहा-सात मीटर तरी घे. शिवणीवर नग जुळला नाही तरी बिघडत नाही, जुन्या गाऊनांना तर सर्रास तुकडे जोडलेले सापडतात.

ठसेवाला: आणि शिवण्याआधी धुऊन घ्या.

कोरोमंडल: धुतलं की चकाकी गेली! छिटेला खळ देऊन घोटत, ती झळाळीच तिची ओळख.

ठसेवाला: न धुता शिवलं आणि घामाने रंग सुटला तर झळाळी घेऊन काय करायचंय? धुवा, मग खळ द्या.

टिपमारी: कॅम्ब्रिक, मोतिया जमीन, विरळ वेल. उद्या निघते. उलटी बाजू बघूनच घेईन. खळ तांदळाची की साबुदाण्याची?

बाराबंदी: साबुदाण्याची. आणि नाटकात पेशव्यांकडचं कुणी असेल तर अंगरख्याचं माप पाठवा.