इंग्लंडात कॅनॉलच्या बोटीत एक दिवस, म्हाताऱ्या मायबापाले जमते का?

पवनीवाला_भाऊ
राजेहो एक विचारायचं होतं. बहीण बर्मिंगहॅमले रायते, तिनं आईबाबाले मे महिन्यात बोलावलं आहे आणि एक दिवस नॅरोबोट (कॅनॉलची अरुंद लांब बोट) भाड्यानं घेऊ म्हणते. ड्रायव्हर नसते म्हणे, आपणच चालवायची, लायसन पण लागत नाही!! रस्त्यात लॉक लागते (बोट वरच्या-खालच्या पाण्यात चढवा-उतरवायचा हौद) तिथं दारं आपणच उघडायची, पाणी आपणच सोडायचं. आईचे गुडघे गेले आहेत. बाबा ६६ चे, पण जन्म पाटबंधारेत गेला, नहरीवर गेट चढवा-उतरवा हेच केलं, ते म्हणते "पाण्याचं काम तू मले सांगते का". मी व्हिडिओ पायला तर भेवच वाटलं, बोट हौदात खाली खाली जाते अन् भिंती डोक्याच्या वर. कोणी केलं असन तर सांगा.

तुमसर_टू_कोव्हेंट्री
केलं आहे भाऊ, सासूसासरे आले होते तेव्हा. भेव नको पण मस्ती पण नको.
बोट म्हणजे ७ फूट रुंद अन् लांबी पायसान तर ७० फुटापर्यंत, एसटी दोन ठेवल्यासारखी. दिवसाच्या भाड्याच्या बोटी आखूड असते. स्पीड लिमिट ताशी ४ मैल, म्हणजे काठावरचा माणूस पायी तुमच्या संगं चालते. ब्रेक नाही, थांबवायची तर रिव्हर्स. अन् मागचा सुकाणूचा दांडा उलटा चालते, बोट डावीकडे न्यायची तर दांडा उजवीकडे ढकला. माझ्या सासऱ्यानं पहिल्या अर्ध्या तासात तीनदा झुडपात घातली.

लॉकचं सांगतो. दोन्हीकडे दारं असलेला हौद समजा. वर जायचं असन तर खालच्या दारातून आत जा, दार लावा, मंग वरच्या दाराची पॅडलं उचला. पॅडल म्हणजे वल्हं नाही हो, पाण्याखाली भोकावर झाकण असते ते, आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या तुडुमाची, म्हणजे पाणी सोडायच्या भोकाची, बोंडी काढल्यासारखंच. पाणी भरते, बोट आपोआप वर येते. पॅडल उचलायले एल आकाराचं हँडल देते, विंडलस म्हणते त्याले, जुन्या डिझेल इंजिनले हँडल मारत होतो ना तसंच. अन् तसंच ते उलटं पण फिरते! खटका निसटला तर हात मोडते, म्हणून काम झालं की हँडल काढून घ्यायचं, तिथं लटकवून ठेवायचं नाही. माझं तर एक बुळ्ळकन पाण्यात गेलं, मागून येणाऱ्या बोटवाल्या म्हाताऱ्यानं हासत त्याचं दिलं.

दोन्ही बाजूचं पाणी सारखं झाल्याबिगर दार हलत नाही, दहा पैलवान लावा. सारखं झालं की लाकडी बीमले पाठ लावून पाय रोवले की सरकते.

आता खरी गोष्ट. वर जाताना पण लक्ष ठेवा, पण खाली उतरताना जास्त जपा. वरच्या दाराच्या आतल्या बाजूनं सिमेंटचा नाहीतर दगडाचा ओटा असते, सिल म्हणते, काठावर पांढरी रेघ असते. बोटीचं मागचं टोक त्या रेघेच्या पुढंच पाहिजे. मागं राहिलं तर पाणी उतरताना बोट ओट्यावर अडकते, पुढचं टोक खाली जाते, बोट बुडते. अन् बोट भिंतीले लागत असन तर पायानं ढकलू नका, ती टनावारी वजनाची आहे. आईले समोर चहा घेऊन बसवा, लॉकमधे चढउतर नको.

काहून_बाप्पा
मंग आपल्या गोसीखुर्दच्या नहरीत काहून नाही चालवत अशा बोटी 😂 लय टुरिझम होईन

नवेगाव_मास्तर
@काहून_बाप्पा मजाक ठीक आहे पण कारण सांगतो. आपली नहर उतारावर बांधलेली असते, कारण पाणी शेतापर्यंत वाहत गेलं पाहिजे. आणि पाळी सुटली तरच पाणी, नाहीतर गाळ अन् बेशरमाची झाडं. त्यांची कॅनॉल मालवाहतुकीसाठी खोदली, कोळसा वाहायला, म्हणून एका लॉकपासून दुसऱ्यापर्यंत जवळपास सपाट, पाणी उभंच. सगळा उतार लॉकमध्येच संपवायचा. सुरुवातीला नावा घोडे ओढायचे, काठावरची पायवाट त्याचीच. ७ फुटाची रुंदी जेम्स ब्रिंडले नावाच्या इंजिनिअरनं १८ व्या शतकात ट्रेंट अँड मर्सी कॅनॉलवर ठरवली, लॉक अरुंद ठेवलं की खर्चही कमी, पाणीही कमी.

दारं व्ही आकारात मिटतात, टोक वरच्या पाण्याकडे. जेवढं पाणी दाबेल तेवढी घट्ट बसतात, कडीकोयंड्याची गरज नाही. भाऊ, तुमच्या बाबांना हे जरूर दाखवा.

पवनीवाला_भाऊ
मास्तर, बाबाले वाचून दाखवलं. त्याईनं एकच विचारलं, एका बोटीसाठी किती पाणी खाली जाते अन् ते वर कोण आणून देते. मले काही सांगता नाही आलं.

नवेगाव_मास्तर
खात्यातला माणूस बरोबर तिथंच येणार! अरुंद लॉक असेल तर एका वेळी साधारण लाखभर लिटर. वरच्या भागात त्यासाठी वेगळे तलाव बांधलेले आहेत, पाऊस कमी झाला की तिथंही काही लॉक बंद ठेवावी लागतात. डिव्हायझेस गावाजवळ केन हिल म्हणून २९ लॉकांची माळ आहे, तिथं पंपानं खालचं पाणी परत वर नेतात.

तुमसर_टू_कोव्हेंट्री
अन् बहिणीले सांगा बर्मिंगहॅमजवळ आहे म्हणून टार्डेबिगचा रस्ता नका धरू, ३० लॉकं आहेत एकामागं एक, एका लॉकले १५ मिनिटं तरी धरा. वॉरिकजवळ हॅटनले २१ आहेत पण ती रुंद, दारं लय जड. एका दिवसात तीन-चार लॉकं, मधात जेवण, अन् उजेड आहे तोवर परत, एवढंच ठेवा. वळवायची जागा कुठं आहे ते आधी विचारा, बोट कुठंही वळत नाही.

पवनीवाला_भाऊ
झालं, तीन लॉकवाला रस्ता ठरला. आई डब्यात तिखट पुऱ्या नेतो म्हणते. बाबानं माळ्यावरून गेटचं जुनं हँडल काढून तेल लावून ठेवलं आहे, सोबत नेतो म्हणते. विमानात चालते का?

तुमसर_टू_कोव्हेंट्री
केबिनमधे नाही चालत. तिथं बोटीवरच देते ना बाप्पा, पुऱ्याच जास्त घ्या.