सोनं 'गहाण', 'तारण' की आणखी काही? (1991 चे ते 20 टन)

खाडीपलीकडची
रत्नागिरीतल्या आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी 1991 च्या चलनसंकटावरचा लेख मराठीत आणतेय. मे महिन्यात स्टेट बँकेने जप्तीचं 20 टन सोनं एका स्विस बँकेला दिलं, जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे ठेवलं. मी दोन्हीकडे 'गहाण ठेवलं' लिहिलं. अंक तपासणाऱ्या काकांनी पहिल्यावर लाल रेघ मारली: "ते विकलं होतं, परत घ्यायची मुभा राखून. विकलेलं गहाण कसं?" खरंय. मग शब्द काय? 'पुनर्खरेदीच्या पर्यायासह विक्री' लिहिलं तर वाचणारा तिथेच अंक मिटेल.

दस्तलेखक
मुदतखरेदी. कागदावर विक्री, मनात गहाण. मुदतीत रक्कम फेडली तर जमीन परत, नाहीतर खरेदी कायम. आमचे लांज्याकडचे दोन कुणगे असेच गेले. पाच वर्षांची मुदत होती, आजोबा पैसे घेऊन पोचले ते मुदत सरल्यावर आठव्या दिवशी. सावकाराने पानसुपारी पुढे केली आणि मग कागद दाखवला. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

देवगडकर
काका, म्हणूनच नको. त्या शब्दाला सावकाराचा वास आहे, आणि हा दोन बँकांनी समजूनउमजून केलेला व्यवहार. शिवाय आजच्या मुलांना मुदत म्हटलं की मुदतठेव आठवते. तेव्हा गावागावात लोक 'देशाने सोनं गहाण टाकलं' म्हणत. लोकांचा शब्द राहू दे ना.

दस्तलेखक
लोक म्हणतात म्हणून विक्रीचं गहाण होत नाही. मालकी कोणाकडे गेली, हाच तर सगळा प्रश्न!

हर्णैवाली
आमच्या घरात 'गहाण' कोणी उच्चारत नसे. अब्बा कुवेतला होते. ऑगस्ट 90 मध्ये इराकी फौजा घुसल्या. ते अम्मानमार्गे एका पिशवीनिशी परतले, पैसे यायचे थांबले. अम्मी पाटल्या रुमालात बांधून निघाली आणि शेजारणीला म्हणाली, "ठेवायला जातेय." पतपेढीच्या पाटीवर 'सोनेतारण' होतं. मोठी झाल्यावर कळलं, देशाचंही तेच झालं होतं: तेल महागलं, आखातातला पैसा आटला, डॉलर संपत आले. म्हणून मला 'तारण' जवळचा वाटतो. त्यात सोडवून आणायची आशा आहे.

व्युत्पत्तीवेडा
ताई, आशा आहेच. तारण हा तरणेच्याच कुळातला, पार नेणारा. 'तरता विनिमय दर', म्हणजे चलनाचा भाव बाजारावर सोडणं, हासुद्धा त्याच घरचा. वर्तमानपत्रं 'तरंगता दर' छापतात तेव्हा वाईट वाटतं. तरंगतो तो ओंडका.

मालवणी माणूस
होडी तरता ती सुकाणू हातात आसा म्हणान. नांगर काढून सोडून दिलास तर ती व्हावत जाता. श्रीलंकेन 2022 च्या मार्चात दर सोडल्यान, डॉलराक दोनशेच्या आसपास होते ते मे म्हयन्यात 360 च्या घरात. ह्येका तरता म्हणतास?

व्युत्पत्तीवेडा
तिथे 'मोकळा सोडला' म्हणा. 'अवमूल्यन' मात्र नको. ते सरकार जाहीर करतं: 6 जून 1966 ला डॉलर 4.76 वरून 7.50 रुपये, 1991 ला 1 आणि 3 जुलै असं दोन टप्प्यांत. बाजारात होते ती घसरण.

देवगडकर
आंबा परदेशी पाठवणाऱ्याला दोन्ही सारखंच. हातात रुपये जास्त येतात, खोक्याचा आणि विमानाचा खर्चही वाढतो. आमच्याकडे दोन्हीला 'रुपया पडला'च म्हणतात.

व्युत्पत्तीवेडा
पडला की पाडला, त्यातच भेद आहे हो!

खाडीपलीकडची
माझे 20 टन राहिले बाजूला. अंक तपासणाऱ्या काकांना 'मुदतखरेदी' दाखवला. त्यांनी खोडला नाही, शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. अंक शनिवारी छापायला जातोय.

मालवणी माणूस
पाडलो म्हणजे कोणी? सरकारान? मगे घसरण खंयची?