मदत हवी आहे: गिटमधील जुन्या कमिट्सवरील लेखकाचे नाव आणि ई-मेल कसे दुरुस्त करावेत?

नमस्कार मंडळी,

एका मुक्तस्रोत प्रकल्पाची गिट रिपॉझिटरी (फाइलींतील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या ‘गिट’ या साधनातील कोठार) आम्ही काही सहकारी मिळून सांभाळतो. तिच्यातील जुन्या कमिट्सवर (नोंदवलेल्या बदलांवर) लेखकाची माहिती दोन ठिकाणी चुकीची आहे. ती दुरुस्त करण्याआधी जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिले प्रकरण साधे आहे. एका सहकाऱ्याच्या नव्या संगणकावर गिटमध्ये नाव आणि ई-मेल भरलेले नव्हते, त्यामुळे गिटने लॉगिनचे नाव आणि संगणकाचे नाव जोडून स्वतःच एक पत्ता तयार केला. आता ‘गिट शॉर्टलॉग’ (लेखकांनुसार कमिट्सची यादी) त्यांचे काम दोन वेगवेगळ्या व्यक्तींच्या नावावर दाखवते.

दुसरे प्रकरण अधिक नाजूक आहे. आमच्या एका जुन्या सहयोगी सदस्येने आपले नाव बदलले असून, पूर्वीचे नाव आणि पूर्वीचा पत्ता रिपॉझिटरीत कुठेही दिसू नये, अशी तिची विनंती आहे. काम तिचे आहे, तेव्हा त्याचे श्रेय तिच्या आजच्या नावानेच नोंदलेले असले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

शेवटच्या कमिटचा लेखक ‘अमेंड’ वापरून बदलता येतो, हे मला ठाऊक आहे. परंतु या कमिट्स इतिहासात खोलवर विखुरलेल्या आहेत, त्यांच्यानंतर अनेक मर्ज (शाखांचे एकत्रीकरण) झाले आहेत आणि काही टॅग (आवृत्त्यांना दिलेली नावे) प्रसिद्धही झालेले आहेत. अशा वेळी इतिहास पुन्हा लिहिणे योग्य ठरेल का, आणि लिहायचाच असेल तर इतरांच्या प्रतींचे काय करावे?

प्रतिसाद १

आपली दोन्ही प्रकरणे वेगळी ठेवावीत, कारण त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

कमिटचा हॅश (तिची ओळख ठरवणारा संकेतांक) हा तिच्यातील फाइलींची स्थिती, आधीच्या कमिटचा हॅश, लेखक, कमिट करणारा, दोघांच्या तारखा आणि संदेश या सगळ्यांवरून काढला जातो. त्यामुळे लेखकाच्या नावातील एक अक्षर बदलले तरी त्या कमिटचा हॅश बदलतो, आणि प्रत्येक कमिटमध्ये आधीच्या कमिटचा हॅश गुंफलेला असल्यामुळे तिच्या पुढच्या सगळ्या कमिट्सचे हॅशही बदलतात. सबव्हर्जन या गिटसारख्या दुसऱ्या साधनामध्ये लेखकाचे नाव हा त्या आवृत्तीला जोडलेला एक वेगळा गुणधर्म असतो आणि सर्व्हरवर परवानगी दिलेली असल्यास तो आवृत्तीचा क्रमांक न बदलता दुरुस्त करता येतो. गिटमध्ये तशी सोय नाही.

म्हणून पहिल्या प्रकरणासाठी इतिहासाला हात लावू नये. रिपॉझिटरीच्या मुळाशी ‘.मेलमॅप’ नावाची फाइल ठेवावी (प्रत्यक्षात हे नाव रोमन लिपीत लिहायचे) आणि तिच्या एका ओळीत आधी योग्य नाव व योग्य पत्ता, नंतर कमिटमध्ये नोंदलेला चुकीचा पत्ता लिहावा. शॉर्टलॉग आणि ब्लेम (कोणती ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी आज्ञा) ही फाइल आपोआप वाचतात. ‘गिट लॉग’ही २०१९ मधील २.२३ या आवृत्तीपासून ती आपणहून विचारात घेतो. लिनक्स कर्नेलच्या रिपॉझिटरीतही अशी फाइल आहे. हॅश, टॅग आणि डिजिटल सह्या जशाच्या तशा राहतात.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. पहिला प्रश्न सुटला. दुसऱ्या प्रकरणात मात्र मेलमॅप वापरला, तर जुना पत्ता त्याच फाइलमध्ये सगळ्यांना दिसेल, अशी शंका येते.

प्रतिसाद २

आपली शंका रास्त आहे. मेलमॅप जुनी ओळख केवळ दर्शनी भागातून हटवतो. मूळ कमिटमध्ये ती तशीच राहते आणि त्या फाइलमध्ये तर जुन्या आणि नव्या पत्त्याची जोडीच नोंदली जाते. जिची ओळख जपायची, तिच्या दृष्टीने हे पहिल्यापेक्षा वाईट. इथे इतिहास पुन्हा लिहिण्याला खरे कारण आहे, आणि सर्वांना होणारा त्रास पत्करूनही तो लिहावा, असे माझे मत आहे.

त्यासाठी ‘फिल्टर-ब्रँच’ (गिटमधील इतिहास बदलण्याचा जुना मार्ग) वापरू नका. तो संथ आहे, त्यात नकळत नुकसान होऊ शकते आणि गिटचे अधिकृत दस्तऐवजही त्याऐवजी ‘फिल्टर-रेपो’ सुचवतात. रीबेसही (कमिट्स नव्याने रचणे) टाळावा, कारण त्यात कमिट करणारा म्हणून आपले नाव आणि आजची तारीख नोंदली जाते, शिवाय मर्ज सांभाळणे अवघड जाते. फिल्टर-रेपोला मेलमॅपच्याच स्वरूपातील फाइल देता येते. ती रिपॉझिटरीच्या बाहेर ठेवावी, म्हणजे ती कधीच कमिट होणार नाही. हे साधन लेखक, कमिट करणारा आणि टॅग लावणारा या तिन्ही ठिकाणी नाव बदलते आणि तारखांना धक्का लावत नाही. त्याला ताजा क्लोन (रिपॉझिटरीची पूर्ण प्रत) लागतो, तसा नसल्यास ते काम करण्यास नकार देते. काम झाल्यावर ते ‘ओरिजिन’ (मूळ रिपॉझिटरीचा पत्ता) काढून टाकते, त्यामुळे पुश करण्यापूर्वी (बदल सर्व्हरवर पाठवण्यापूर्वी) तो पुन्हा जोडावा लागेल.

एवढ्यावर थांबू नका. जुने नाव ‘साइन्ड-ऑफ-बाय’ किंवा ‘को-ऑथर्ड-बाय’ अशा कमिट-संदेशातील ओळींत आणि योगदानकर्त्यांच्या यादीच्या फाइलमध्येही असू शकते. मेलमॅप तिथे पोहोचत नाही. संदेशांतील आणि फाइलींतील मजकूर बदलण्यासाठी त्याच साधनात वेगळे पर्याय आहेत. पुश करण्यापूर्वी सर्व ब्रँचच्या लॉगमध्ये मेलमॅप बंद ठेवून जुने नाव शोधून पाहावे.

प्रतिसाद १

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. थोडी भर घालतो. पुन्हा लिहिलेल्या कमिट्सवरील जीपीजी सह्या वैध राहत नाहीत, त्यामुळे प्रसिद्ध टॅगवर नव्याने सही करावी लागेल. फिल्टर-रेपो जुन्या आणि नव्या हॅशची जोडयादी ‘.गिट’ फोल्डरमध्ये ठेवतो. तिकिटांमध्ये किंवा दस्तऐवजांत जुने हॅश उद्धृत केलेले असतील, तर ती यादी जपून ठेवावी.

सहकाऱ्यांना तारीख आधी कळवा, त्यांचे अपूर्ण काम पुश करून घ्या, आणि फोर्स पुश (सर्व्हरवरील जुन्या इतिहासाच्या जागी नवा टाकणे) झाल्यावर प्रत्येकाला नवा क्लोन घ्यायला सांगा. कोणी जुन्या क्लोनमध्ये पुल करून (सर्व्हरवरचे बदल आणून) मर्ज केले आणि पुन्हा पुश केले, तर जुना इतिहास नव्याच्या शेजारी परत येतो आणि जुने नावही त्यासोबत येते. होस्टिंग सेवेच्या सर्व्हरवर जुन्या कमिट्स हॅशने काही काळ उघडता येऊ शकतात, तेव्हा त्या साफ करण्याची विनंती सेवेच्या मदत विभागाकडे वेगळी करावी. इतरांनी फोर्क केलेल्या (आपल्या खात्यात वेगळ्या घेतलेल्या) प्रतींवर मात्र आपला अधिकार चालत नाही, हे त्या सदस्येला आधीच स्पष्ट सांगितलेले बरे.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. पहिल्या प्रकरणासाठी मेलमॅप आजच जोडतो. दुसऱ्यासाठी आधी तिच्याशी बोलून फोर्कची मर्यादा सांगेन. तिची संमती मिळाल्यावर सर्वांना तारीख कळवून फिल्टर-रेपो चालवेन. जुन्या क्लोनमधून होणारा पुश सर्व्हरवरच अडवता येईल का, हे कोणाला ठाऊक असल्यास जरूर लिहावे.

प्रतिसाद २

सर्व्हर आपल्या ताब्यात असेल, तर ‘प्री-रिसीव्ह’ हुक (पुश स्वीकारण्याआधी सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्राम) लिहून येणाऱ्या प्रत्येक नव्या कमिटचा लेखक आणि कमिट करणारा तपासता येतो व जुना पत्ता आढळल्यास पुश नाकारता येतो. हुकची फाइल सर्व्हरवरच राहते, क्लोनसोबत जात नाही, त्यामुळे जुना पत्ता त्यात लिहिला तरी तो इतरांपर्यंत पोहोचणार नाही.