मदत हवी आहे: दादा डॉमिनिकाचं नागरिकत्व विकत घ्यायला निघालाय

नमस्कार मंडळी,

आम्ही तासगाव तालुक्यातले द्राक्षवाले. दादा काही वर्षं स्वतःच माल युरोपला पाठवतो. कंटेनर रॉटरडॅमला उतरला की तिकडून फोटो येतात, मणी फुटलेत, देठ काळे पडलेत, आणि बिलातून पैसे कापले जातात. दादा म्हणतो, मी तिथं उभा असतो तर एवढी कपात झाली नसती. खरंय ते. एकदा व्हिसा मिळाला, जाऊन आला. यंदा ऐन हंगामात नाकारला. तेव्हापासून त्याच्या डोक्यात हेच बसलंय.

सांगलीत एक एजंट भेटला. कॅरिबियनमधल्या डॉमिनिकाचा पासपोर्ट असला की युरोपला व्हिसाशिवाय जाता येतं, म्हणाला. त्यासाठी तिथल्या सरकारी निधीला एकट्या माणसानं २ लाख डॉलर देणगी द्यायची, वर तपासणीचं शुल्क, एजंटची फी. म्हणजे पावणेदोन कोटींच्या पुढंच. देणगी असल्यानं परत काही मिळत नाही. शिवाय पैसे बाहेर पाठवताना १० लाखांवरच्या रकमेला २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, बँक आधीच कापणार. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर खेळतं भांडवल अडकतं.

एजंट म्हणाला, "दोन्ही पासपोर्ट ठेवा, कोण बघतंय." इथंच माझ्या पोटात गोळा आला. आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणं दुसरं नागरिकत्व आपखुशीनं घेतलं की भारताचं संपतं, पासपोर्ट जमा करावा लागतो. पुढं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं) मिळू शकतं, पण त्यावर मतदान नाही, निवडणूक नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. आमच्या बांधाला लागून चुलत्यांचं दीड एकर आहे. ते घ्यायचं म्हणून दादा चार वर्षं पैसे साठवतोय. कार्ड घेऊन आल्यावर त्याला ते घेताच येणार नाही, हे मी सांगितलं तर म्हणतो, वहिनीच्या नावावर घेऊ.

बरं, एवढं करून ही व्हिसामाफी टिकेल कशावरून? ब्रिटननं जुलै २०२३ मध्ये डॉमिनिकाच्या लोकांना व्हिसा लागू केला. असंच नागरिकत्व विकणाऱ्या वानुआतू या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशाची व्हिसामाफी युरोपनं डिसेंबर २०२४ मध्ये कायमची काढली.

मला दुसरी वाट दिसते. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्यांना शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालणारा) दोन वर्षांचा, कितीही वेळा जाता येणारा व्हिसा मिळू शकतो. तीन वर्षांत दोन व्हिसे नियमानं वापरलेले हवेत. दादाचा एक झालाय. नकाराचं कारण बघून कागद नीट लावले तर दुसरा मिळायला काय हरकत?

माझे प्रश्न:
असा दोन वर्षांचा व्हिसा इथल्या कुणा द्राक्ष किंवा बेदाणा निर्यातदाराला मिळालाय का? नकारानंतर पुन्हा अर्ज करताना आयातदाराच्या पत्रात नेमकं काय लिहून घेतलंत? आणि नागरिकत्व सोडून ओसीआय घेतलेलं कुणी असेल तर सातबाऱ्यावरच्या वडिलोपार्जित नावाचं पुढं काय झालं?

दादा शुक्रवारी एजंटला पहिला हप्ता देणार आहे. त्याआधी त्याला तुमची उत्तरं वाचून दाखवायची आहेत.