'बेकहॅम' मालिका: माहितीपट की गौरवग्रंथ?

आयर्विनकर

इंग्लंडचा फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम याच्यावरची नेटफ्लिक्सची 'बेकहॅम' ही चार भागांची मालिका ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, पुढच्या वर्षी तिला एमी पुरस्कारही मिळाला, तरी सांगलीत विश्रामबागच्या आमच्या चहाच्या टपरीवर ती अजून संपलेली नाही. निम्मे म्हणतात, इतका प्रामाणिक माहितीपट झालाच नाही. माझं मत उलट आहे. टपरीवर ते कुणी पुरतं ऐकून घेत नाही, म्हणून इथे लिहितोय.

दिग्दर्शक फिशर स्टीव्हन्सचं काम चांगलं आहे, हे आधीच मान्य. जुन्या सामन्यांचं चित्रण माणसांना दाखवायचं आणि ते बघतानाचे त्यांचे चेहरे टिपायचे, ही युक्ती जबरदस्त. १९९८ चा विश्वचषक, सेंट एतिएन, अर्जेंटिनाविरुद्धचा सामना. त्यांच्या सिमिओनेने मागून धडक दिलीय, बेकहॅम पालथा पडलाय आणि पडल्या पडल्या पाय उचलून त्याला टेकवतो. लाथ म्हणावी एवढाही जोर नाही त्यात. पण लाल कार्ड. इंग्लंड पेनल्टीवर हरलं आणि २३ वर्षांच्या पोरावर अख्खा देश तुटून पडला. 'दहा शूर सिंह, एक मूर्ख पोरगा' असा मथळा छापून आला, लंडनमध्ये एका पबबाहेर त्याचा पुतळा फासावर लटकवला. हा भाग कुणालाही हलवेल.

आता पुढे बघा. जिथे त्याच्यावर अन्याय झाला, तिथे मालिका खोल जाते. जिथे त्याने स्वतः काही केलं, तिथे कॅमेरा मधमाश्यांच्या पेट्यांकडे नाहीतर मेणबत्तीच्या वाती कापण्याकडे वळतो. स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबकडून खेळायच्या दिवसांत त्याच्या संसाराबद्दल पेपरांनी जे छापलं, त्याचा त्रास फार झाला एवढंच कळतं. त्यावर सरळ प्रश्न नाही, सरळ उत्तर नाही. २०२२ च्या विश्वचषकासाठी तो कतारचा चेहरा झाला, त्यावरून इंग्लंडात रान पेटलं. मालिकेत त्यावर चकार शब्द नाही.

कारण श्रेयनामावलीत सापडतं. निर्मात्यांत स्टुडिओ ९९ आहे आणि ती कंपनी खुद्द बेकहॅमची. आपल्याकडे साखर कारखान्याच्या अध्यक्षांच्या साठीला गौरवग्रंथ निघतो. त्यातला मजकूर खरा असतो, फोटो खरे असतात, लेखकही कधी कधी नामवंत असतात. फक्त ऊसबिल कधी थकलं होतं, ते त्यात नसतं. ही मालिका म्हणजे तसला गौरवग्रंथ, आर्ट पेपरवर छापलेला.

हाफटाइम

दिवाळी अंकाला शोभेल असं लिहिलंय, पण पटलं नाही. त्याची कंपनी नसती तर घरातली जुनी चित्रफीत मिळाली असती का? मँचेस्टर युनायटेडचा तेव्हाचा मॅनेजर फर्ग्युसनसारखा माणूस, ज्याने २००३ च्या फेब्रुवारीत रागाच्या भरात लाथाडलेला बूट याच्या भुवईवर बसला आणि ज्याने चार महिन्यांत याला रेआलला विकला, तो येऊन बसला असता? सिमिओनेलाही बोलतं केलंय. शत्रूपक्षाला बोलवणारा गौरवग्रंथ कुठल्या कारखान्याने काढलाय ते सांगा, मी विकत घेतो.

आणि 'स्वतः काही केलं तिथे गप्प' हे तर चूकच. अमेरिकेत गॅलक्सी क्लबकडे गेल्यावर तो मध्येच इटलीच्या मिलानकडून खेळायला गेला, तेव्हा गॅलक्सीचेच प्रेक्षक त्याच्यावर कसे उलटले ते दाखवलंय की. तो काय अन्याय होता? तो त्याचाच निर्णय होता.

माहेरवाशीण मिरजेची

आयर्विनकर दादा, तुम्ही अख्ख्या पोस्टमध्ये त्याच्या बायकोचं, व्हिक्टोरियाचं नाव एकदाही घेतलं नाहीत. मालिका निम्मी तिची आहे.

दोन जागा सांगते. एक सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेली: ती म्हणते आम्ही कष्टकरी घरातले, आणि हा दारातून डोकं आत घालून विचारत राहतो, तुझे बाबा तुला शाळेत कुठल्या गाडीने सोडायचे? शेवटी तिच्या तोंडून रोल्स रॉइस निघतं. हसायला ठीक आहे. दुसरी जागा मात्र कुणी फॉरवर्ड केली नाही. तिसऱ्या बाळंतपणाच्या वेळी सिझेरियनची वेळ नवऱ्याच्या जाहिरातीच्या शूटिंगकडे बघून ठरवावी लागली आणि नंतर पेपरात बघते तर हा नट्यांसोबत हसत उभा. ती हे सांगते तेव्हा इतक्या वर्षांनंतरही तिचा आवाज बदलतो. नवऱ्याच्या कंपनीच्या मालिकेत बायको हे बोलते आणि ते कापलं जात नाही. याला तुम्ही छपाई म्हणता?

माद्रिदबद्दलही ती सांगतेच, की तेव्हा जग आमच्या विरोधात होतं आणि आम्ही एकमेकांच्याही. यापेक्षा सरळ उत्तर नवराबायकोंनी चारचौघांत द्यायचं असतं का? कोण, कुठे, कधी हे कळलं नाही म्हणून माहितीपट खोटा ठरत नाही. तेवढं खासगी ठेवायचा त्यांना हक्क आहे.

पेठेतला लेफ्टी

मी कोल्हापूरचा, नोकरीला सांगलीत. तुमचं काय ते संपादकीय धोरण चालू द्या, पण माझी तक्रारच वेगळी हाय. फुटबॉल कुठं हाय राव त्यात?

१९९९ ची चॅम्पियन्स लीग फायनल, बार्सिलोना. मँचेस्टर युनायटेडच्या विरुद्ध बायर्न पुढं, नव्वद मिनिटं संपलेली. दोन कॉर्नर, दोन्ही बेकहॅमचे. एकावर शेरिंगहॅमचा गोल, दुसऱ्यावर सोल्शारचा, आणि कप मँचेस्टरच्या हातात. ते दाखवलंय, मान्य. पण तो चेंडू वळतो कसा? टेकवायचा पाय कुठं असतो, अंग किती कलतं, डावा हात पंख्यासारखा का उघडतो? आमच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब यांची मॅच असली की हलगीच्या आवाजात सुद्धा म्हातारं माणूस शेजारच्याला सांगतं, "बघ, अंगठ्याच्या बुडाशी लावला त्यानं." चार तासांत एवढं एक वाक्य मला मिळालं नाही. केसाची फॅशन मात्र सगळी कळली.

हाफटाइम

लेफ्टी, यावर एकमत! २००१ ची ग्रीसविरुद्धची फ्रीकिक, ९३ वं मिनिट, तिच्यावर एक अख्खा भाग काढला असता तरी मी बघितला असता.

आयर्विनकर

ताई, दुसरी जागा तुम्ही बरोबर पकडलीत, आणि ती मालिकेतली सगळ्यात खरी जागा आहे हेही मान्य. संसारात डोकवायची मला हौस नाही. माद्रिदचा मुद्दा मी सोडून देतो, कतारचं बोला. तो खासगी मामला नव्हे. तिथे स्टेडियम बांधणाऱ्या परदेशी मजुरांचे हाल जगभर गाजत होते आणि हा पैसे घेऊन त्या देशाची जाहिरात करत होता. खेळाडूच्या आयुष्यावरच्या मालिकेत हे येणार नसेल, तर कुठे येणार?

हाफटाइम, मिलानचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. त्या प्रसंगात शेवटी सहानुभूती कुणाला मिळते? फुटबॉलसाठी तळमळणाऱ्या बेकहॅमलाच. दोष असा दाखवायचा की तो गुण वाटावा. मायकेल जॉर्डनवर २०२० मध्ये दहा भागांची मालिका आली, तिच्याही निर्मितीत जॉर्डनची कंपनी होती आणि तिथेही तेच: सहकाऱ्यांना घालूनपाडून बोलणं म्हणजे जिंकण्याची भूक.

कृष्णाकाठ

एक अप्रिय प्रश्न. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनावर उद्या मालिका निघाली आणि दिग्दर्शकाने टोचणारे प्रश्न विचारले, तर? 'आमच्या पोरीला त्रास देता' म्हणून पहिला दगड सांगलीतूनच जाईल. आयर्विनकर, तुम्हीही त्या गर्दीत असाल. इंग्लंडच्या माणसाची चिरफाड हवी असणं फार स्वस्त आहे.

आयर्विनकर

दगड मारणार नाही. पण बघताना पोटात गोळा येईल, हे खरं.

कराड रोड

तुम्ही सगळे भरल्या पोटी भांडताय. बेकहॅमवर गौरवग्रंथ तरी निघाला. आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. परत आले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक. पुढे पोलिसात नोकरी, १९८४ ला अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. बेकहॅमच्या एकेका कॉर्नरला सहा कोनांतून चित्रण मिळतं. खाशाबांच्या कुस्त्यांचं किती मिनिटांचं चित्रण तुम्ही आजवर पाहिलंय? मला तर त्यांच्यावर नुसती कौतुकाची मालिका निघाली तरी चालेल. टीका नंतर करू.

आयर्विनकर

त्या मालिकेला पैसे कोण देणार, ते आधी सांगा. हयातीत ज्यांनी त्यांची विचारपूस केली नाही त्यांनीच दिले, तर प्राचार्यांना घर गहाण का ठेवावं लागलं हा प्रश्न एडिटिंगच्या टेबलावर पहिल्याच दिवशी उडेल. बैलगाड्यांची मिरवणूक तेवढी उरेल, ड्रोनने काढलेली.

कराड रोड

उडू दे. घर गहाण पडलं होतं एवढं तरी पोरांना कळेल. का पडलं, ते विचारायला त्यांना तुमची परवानगी लागणार नाही. तुमची सच्ची मालिका निघेपर्यंत त्या कुस्त्या डोळ्यांनी पाहिलेलं कुणी उरायचं नाही, मग कुणाचे चेहरे टिपणार तुमचा दिग्दर्शक?

माहेरवाशीण मिरजेची

कराडवाल्यांना माझं मत. फक्त खर्डेकरांच्या घरातल्यांनाही बोलतं करा. घर गहाण टाकताना आत स्वयंपाकघरात काय बोलणं झालं असेल, ते मला ऐकायचंय.